फाटकापासून पहिली ओळ

प्रिय ताई,

हे पत्र तुझ्या रोपवाटिकेचा गाडीवाला तुझ्या हातात देईल. दर गुरुवारी तो इथे कलमाच्या डोळकाड्या न्यायला येतो, चारपर्यंत थांबतो, आमचाच चहा पितो आणि उशीर झाला म्हणून आमच्यावरच डाफरतो. पाकीट ताईंच्याच हातात द्यायचं, टेबलावर ठेवून जायचं नाही, असं त्याला बजावलंय. तो म्हणाला, "काय हो, लग्नाची पत्रिका का?" मी हसले.

वजनकाट्याच्या खोलीत बसून लिहितेय. काट्याला वारा लागू नये म्हणून खिडकी बंद, पंखा बंद. गेले तीन आठवडे एकच चाललंय. सकाळी डोळे उघडले की आधी भीती वाटते आणि कशाची ते मग आठवतं. सोमवारी माझी तोंडी परीक्षा आहे. बाहेरून दोन परीक्षक येणार, आधी सरांबरोबर बाग बघणार, मग वर येऊन मला प्रश्न विचारणार. आणि बागेत काहीतरी चुकलंय, ताई. लहानसहान नाही. माझी पाच वर्षं, तुझी चार वर्षं आणि येत्या बुधवारपासून तुझ्याकडून लोकांच्या शेतात जायची असलेली ती चाळीस हजार रोपं, एवढं सगळं त्या चुकीवर उभं आहे. एका दमात सांगितलं तर तू पत्र अर्ध्यावरच घडी करून ठेवशील, म्हणून क्रमाने सांगते. आधी निरीक्षण, मग निष्कर्ष, हे तूच शिकवलंयस.

तू मला पहिल्यांदा पाहिलंस तेव्हा मी रडत होते. कलमाच्या सुरीने अंगठा कापला होता आणि रक्त बघून माझे हातपाय गळले होते. तू कलमाचा डोळा बांधायची प्लास्टिकची पट्टी घेतलीस, माझ्या अंगठ्याला घट्ट गुंडाळलीस आणि म्हणालीस, "भागूबाई, तीन आठवड्यांनी सोडू. तोवर जोड लागला असेल." सगळी शेड हसली, मीसुद्धा. भागूबाई हे नाव तेव्हापासून चिकटलं ते चिकटलंच. मग तू माझा हात धरून मला पहिला डोळा भरायला लावलास. खाली खुंट, वर डोळा. मुळं खुंटाची, फळं डोळ्याची. जोडाच्या खालून जे फुटेल तो खुंटाचा फुटवा, तो आपला नव्हे, तो वरच्याचं खाऊन टाकतो, दिसला की काढायचा. हे तू इतक्या सहज सांगितलंस की मी ते वहीत लिहिलंसुद्धा नाही. तसंच लक्षात राहिलं.

त्या वर्षभरात आपण एका खोलीत राहिलो. तुझा प्रबंध संपत आला होता आणि माझा सुरूही झाला नव्हता. तू झोपेत आकडे बोलायचीस, आठवतं? मला त्याची गंमत वाटायची आणि सकाळी मी तुला चिडवायची. आता वाटतं, काय बोलायचीस ते नीट ऐकायला हवं होतं.

आपल्या त्या संत्र्याच्या बागेवर माझा किती जीव आहे ते तुला वेगळं सांगायला नको. बारा ओळी, ओळीत दहा झाडं, वरचा डोळा सगळ्यांचा एकच, खाली प्रत्येक ओळीला वेगळा खुंट. आज कुणा विद्यार्थ्याने असा, खुंट चिठ्ठ्या टाकून न विखुरलेला, आराखडा आणला तर सर त्याला वर्गाबाहेर काढतील. पण तेरा वर्षांपूर्वी ज्यांनी ती बाग लावली ते जुने शास्त्रज्ञ जुन्या वळणाचे होते आणि बाग लावून दोन वर्षांत निवृत्त होऊन गेलेही. मागे राहिला तो एक कागद. सरांच्या खोलीत भिंतीवर लावलाय तोच. उत्तर दिशेचा बाण काढला नाही म्हणून सर आमचे गुण कापतात आणि त्यांच्याच भिंतीवरच्या आराखड्याला बाण नाही, यावर आपण दोघी किती हसलो होतो. बाणाच्या जागी कोपऱ्यात बारीक अक्षरात फक्त एवढंच लिहिलंय: ओळ क्रमांक एक, फाटकाकडून.

झाडांवरच्या ओळ-क्रमांकाच्या जुन्या पट्ट्या ऊन-पाण्याने कधीच गेल्या होत्या. तू आलीस आणि पहिल्याच महिन्यात आराखडा हातात घेऊन, फाटकातून आत शिरून, एकशेवीस झाडांना नव्या पट्ट्या ठोकल्यास. त्याच पट्ट्या अजून आहेत. नऊ नंबरच्या ओळीतली दहाही झाडं पाणी साचलं, चिखल झाला तरी ताठ उभी राहिली. चार नंबरच्या ओळीला डिंक्याने धरलं, खोडातून डिंक गळायला लागला आणि दहातली सात झाडं माझ्या डोळ्यांदेखत वाळली. तुझा प्रबंध त्यावर झाला, सरांनी ओलसर जमिनीसाठी नऊ नंबरच्या खुंटाची शिफारस केली, ती मंजूर झाली, आणि तुला नोकरी लागली ती त्याच खुंटाची रोपं तयार करायची. माझा प्रबंध म्हणजे तुझंच काम पुढे पाच वर्षं. सर या वर्षी निवृत्त होतायत. नऊ नंबर हे त्यांच्या आयुष्याचं काम आहे, असं त्यांनी निरोपाच्या भाषणात आधीच लिहून ठेवलंय. मला वाचून दाखवलं. ते चष्मा काढून कपड्याने पुसत होते, आणि सरांनी चष्मा काढला की एरवी आपलं धाबं दणाणतं, पण त्या दिवशी त्यांचे डोळे भरून आले होते.

आता ज्या गोष्टीसाठी एवढं दळण दळलं ती सांगते. माळीमामांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते पाच आठवडे रजेवर गेले. दर सोमवारी फुटवे काढायचं काम माझ्याकडे आलं. प्रबंध छपाईला द्यायची घाई होती, म्हणून मी दोन सोमवार बुडवले. पाच वर्षांत पहिल्यांदा. तिसऱ्या सोमवारी कात्री घेऊन गेले तर नऊ नंबरच्या ओळीत, दुसऱ्या झाडाच्या जोडाखालून वीतभर फुटवा आला होता. हिरवागार, काटेरी. आणि त्याच्या प्रत्येक देठाला तीन-तीन पानं.

आपल्या बारा खुंटांत तीन पानांचा एकच. चार नंबर. नऊ नंबरचं पान एकेरी असतं, हे पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल.

मी काय केलं ते सांगायची लाज वाटते. मी इकडेतिकडे पाहिलं, फुटवा मुळापासून कापला आणि खिशात घातला. शेतात माझ्याशिवाय चिटपाखरू नव्हतं, तरी चोरासारखी चालत शेडपर्यंत आले. खिशात काटे टोचत होते. खोलीवर जाऊन तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि तुझ्या जुन्या कपाटात खाली टाकला. मग स्वतःला समजावलं, एखादं झाड मेलं असेल, कुणीतरी मधेच दुसरं लावलं असेल, होतं असं. पुढच्या सोमवारी मी कात्री मुद्दामच नेली नाही. नवव्या ओळीत आणखी तीन झाडांना फुटवे होते, तिन्हींना तीन पानं. चौथ्या ओळीत उरलेल्या तीन झाडांपैकी एकाला फुटवा होता. एकेरी पानाचा. मी तिथेच बांधावर बसले.

माळीमामा परत आले ते काळा चष्मा लावून, सिनेमातल्यासारखे. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामा, आपलं फाटक पहिल्यापासून इथंच का हो?" ते म्हणाले, "छे! आधी कालव्याच्या बाजूला होतं. नवीन रस्ता झाला तेव्हा ते काढून इकडं बसवलं. झाली की नऊ वर्षं, ताई यायच्या जरा आधीच. का?" मी म्हटलं, काही नाही. ताई, बारा ओळींत एका टोकाची नववी म्हणजे दुसऱ्या टोकाची चौथी. जुन्या फाटकाकडून मोजायचं ते आपण नव्या फाटकाकडून मोजत आलो. पाण्यात तगला तो चार नंबर. डिंक्याने मेला तो नऊ नंबर. आणि खुंटांसाठी ज्यांचं बी काढतात ती झाडं ऑफिसच्या मागे वेगळी आहेत, त्यांच्या पाट्या बरोबर आहेत, तेव्हा तुझ्याकडे वाढतोय तो खराखुरा नऊ नंबरच. जो ओल्या जमिनीत मरतो तोच.

त्या चाळीस हजारांपैकी सहाशे रोपं कुणाची आहेत ते तुला ठाऊक आहेच. त्या शिवणकाम करणाऱ्या बाई. तीस वर्षं लोकांचे कपडे शिवून त्यांनी ओढ्याकाठची सखल जमीन घेतली, जिथे पाणी आठ-आठ दिवस हटत नाही, आणि आपली शिफारस वाचून त्या सरांकडे आल्या होत्या. गळ्यात टेप तशीच. परवा त्यांचा फोन आला. "बाई, खड्डे झाले सगळे. टेप लावून मोजलेत, बोटभर इकडं-तिकडं नाही." मग म्हणाल्या, "खुंट तोच ना? बदलत नाही ना तुमचा?" मी म्हटलं, नाही, बदलत नाही. फोन ठेवला आणि हिशेब करत बसले. झाड मरायला चार-पाच वर्षं लागतात. पहिली फळं धरतील आणि मग डिंक गळायला लागेल. तोवर मी कुठेतरी नोकरीत असेन, सर घरी असतील आणि त्या बाईंना वाटेल की त्यांच्याच हातून पाणी जास्त झालं.

तुला फोन तीनदा लावला. पहिल्यांदा उचललास तेव्हा मी हवापाण्याचं बोलले. दुसऱ्यांदा तू तुझ्या लेकीला पहिला दात आल्याचं सांगितलंस, मग मी काय बोलणार? तिसऱ्यांदा तू विचारलंस, "भागूबाई, परीक्षेला घाबरलीस का?" मी हो म्हटलं. तू म्हणालीस, "नऊ नंबरवर कुणी काही विचारणार नाही. सरळ उत्तरं दे, जास्त खोलात जाऊ नकोस." तोवर मी सगळा दोष फाटकालाच देत होते. पण फोन ठेवला आणि ते शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. खोलात जायला तूच शिकवलंस की गं मला.

म्हणून मी तुझी शेतातली नोंदवही काढली. तिसऱ्या वर्षाची, हिरव्या पुठ्ठ्याची. वाटलं होतं, काही सापडणार नाही आणि मला माझीच लाज वाटेल. तुझं अक्षर किती नेटकं, खाडाखोड म्हणून नाही. एकाच पानावर आहे. ओळ नऊ, झाड सहा, आणि समासात पेन्सिलीने काढलेलं छोटं चित्र, पुढे खोडलेलं. रबर जोरात फिरवलाय, कागद विरलाय, पण तू पेन्सिल नेहमी दाबूनच धरतेस. उजेडासमोर धरलं की दिसतं. एका देठाला तीन पानं.

आणि शेडच्या दारावर तुझ्या हातची ती सूचना आहे. अजून तशीच चिकटलेली आहे, प्लास्टिकमध्ये. "फुटवे दिसताक्षणी काढावेत. दर सोमवारी. अपवाद नाही." पाच वर्षं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कौतुकाने दाखवली, की बघा, शिस्त असावी तर आमच्या ताईसारखी. खाली तारीख आहे. मी ती हजार वेळा पाहिली असेल, वाचली कधीच नव्हती. त्या चित्राच्या दुसऱ्या दिवशीची आहे.

ताई, पट्ट्या ठोकल्यास ती चूक होती. ती माझ्याही हातून झाली असती, कुणाच्याही झाली असती. पान ओळखू यायच्या आतच फुटवा जावा म्हणून लावलेली सूचना ही चूक नव्हती. पण मी तुला नावं ठेवायला बसलेली नाही. तुला तेव्हा कसं वाटलं असेल ते मला आता कळतं. तीन वर्षं हातून गेलेली, सरांनी सगळीकडे सांगून ठेवलेलं, घरून रोज विचारणा की कधी संपणार. माझ्याही कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळलेला फुटवा आहे. मीही त्या बाईंना 'नाही, बदलत नाही' असंच सांगितलं. झाकली मूठ उघडायला किती बळ लागतं ते मला या तीन आठवड्यांत कळलं, आणि तू ती सहा वर्षं मिटून धरलीस. तुझ्या वाफ्यांतून तू रोज चालतेस. चाळीस हजार खुंट, सगळी पानं एकेरी. कशी चालतेस गं? कुणाशी बोललीस का कधी? तू झोपेत आकडे बोलायचीस, त्यात चार आणि नऊ होते का?

मला पदवी जाण्याची भीती वाटते. सर चष्मा काढतील आणि या वेळी पुसणार नाहीत, त्याची वाटते. आईला काय सांगू, याची वाटते. तिने शेजारीपाजारी मला आत्ताच डॉक्टर करून टाकलंय आणि दोघीतिघी तर गुडघेदुखी घेऊन तयार आहेत. पण सगळ्यात मोठी भीती वेगळीच आहे, आणि फोन न करता पत्र लिहिण्याचं कारणही तेच. तू समोरून म्हणाली असतीस, "भागूबाई, गप्प बस," तर मी गप्प बसले असते. तुझा शब्द मी आजवर मोडलेला नाही. मग आपल्या दोघींचा प्रबंध झाला असता, सरांचं भाषण झालं असतं, आणि ओढ्याकाठी सहाशे खड्डे भरले असते. म्हणून तू बोलायच्या आत मी लिहून टाकतेय. शनिवारी सर दिवसभर खोलीत आहेत. सकाळच्या गाडीने ये. मी दाराशी उभी असेन, आपण दोघी मिळून आत जाऊ, आणि फाटकाची गोष्ट तू सांग. तुझी आहे ती, तूच सांगितलेली बरी. वहीतलं पान मी कुणाला दाखवलेलं नाही. तू आलीस तर ते दाखवायचं की नाही, तेही तूच ठरव. आली नाहीस तरी रोपं बुधवारी बाहेर पडता कामा नयेत, म्हणून सोमवारी बागेत मीच बोलेन. तुझ्या चित्रातल्या त्या सहा नंबरच्या झाडाचा फुटवा आता हातभर झालाय, मी त्याला हात लावलेला नाही. सकाळी माळीमामा कात्रीला धार लावत बसले होते, म्हणाले, आता दिसतंय स्वच्छ, सोमवारी सगळं साफ करतो. मी म्हटलं, मामा, या सोमवारी कात्री आणू नका. ते म्हणाले, "अहो, पण ताईंचा नियम आहे ना?" मी म्हटलं, ताईंना कळवलंय.

तुझीच,
भागूबाई